पायलीत न मावलेला भागाकार

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गावाहून ग्रंथपाल ताईंचा फोन आला. "अगं, वाचनालयाचा जुना सीपीयू गेला. नवा आणलाय, पण सरांचा प्रोग्राम त्याच्यावर उघडतच नाही. दुकानदार म्हणतो, सॉफ्टवेअर जुनं झालंय, टाकून द्या. टाकून कसं देऊ? सगळी पुस्तकं त्यात आहेत."

सर म्हणजे आमच्या हायस्कुलातले गणिताचे शिक्षक आणि वाचनालयाचे कितीतरी वर्षांचे कार्यवाह. निवृत्त झाल्यावर 1994 च्या सुमारास शाळेतल्या 386 संगणकावर बसून, टर्बो पास्कल ही प्रोग्रामिंगची भाषा शिकून त्यांनी दाखल नोंदवही, देवघेव आणि वर्गणी असा तिन्हींचा प्रोग्राम लिहिला. पुढे वाचनालयाला 133 मेगाहर्ट्झचा पेंटियम मिळाला आणि प्रोग्राम तिकडे गेला. मराठी अक्षरांसाठी तेव्हा जिस्टचं वेगळं कार्ड लागायचं. ते परवडणारं नव्हतं, म्हणून सरांनी नावं रोमन लिपीत, स्वतः ठरवलेल्या नियमांनी टाइप केली. अठरा हजारांवर पुस्तकं, एका बोटाने. सर 2011 मध्ये गेले, पण प्रोग्राम चालतच राहिला. मी शाळेत असताना त्याच पडद्यावर माझं नाव शोधून ताई पुस्तक द्यायच्या.

शनिवारी मी गावी गेले. पिशवीत माझा 2006 चा विंडोज एक्सपी असलेला लॅपटॉप, यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह आणि जुनी आयडीई डिस्क यूएसबीला जोडायचं अडॅप्टर. आधी जुना डबा उघडला. विजेच्या झटक्याने एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा भाग, जळला होता. तो जुन्या एटी पद्धतीचा, तालुक्याला मिळण्यासारखा नव्हता. मिळाला असता तरी मदरबोर्डवरचे चार कपॅसिटर फुगून वर आलेले. डिस्क मात्र हातात घेतल्यावर धड वाटली. ती बाजूला ठेवली आणि नव्या मशीनकडे वळले.

नव्या मशीनवर विंडोज 11. प्रोग्रामवर दोनदा क्लिक केलं की निळी पट्टी येऊन सांगायची, हे अ‍ॅप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही. दुकानदाराने अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून पाहिलं होतं, कम्पॅटिबिलिटीच्या खटपटी केल्या होत्या. त्यांचा इथे उपयोग नसतो. कम्पॅटिबिलिटी मोड प्रोग्रामला विंडोजची वेगळी आवृत्ती दाखवतो, तसं वागण्याचा प्रयत्न करतो. प्रोसेसरमध्ये नसलेली सोय तो आणू शकत नाही.

ती सोय कोणती, हे मला माहीत होतं म्हणून पहिला अडथळा लवकर उमगला. सरांचा प्रोग्राम डॉस या विंडोजच्या आधीच्या व्यवस्थेसाठी लिहिलेला, आणि डॉसचे प्रोग्राम 16 बिटी, म्हणजे एका वेळी 16 बिटांचे आकडे हाताळणारे. 1985 साली आलेल्या 80386 प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअल 8086 नावाची रीत होती: 32 बिटी व्यवस्था चालू असतानाच तिच्या पोटात एखादा जुना 16 बिटी 8086 प्रोसेसर चालू असल्यासारखं प्रोसेसर स्वतः वागायचा. 32 बिटी विंडोजमधला एनटीव्हीडीएम हा डॉस सांभाळणारा भाग याच रीतीवर उभा होता. एएमडीने 2003 मध्ये आणलेल्या आणि आज सगळीकडे असलेल्या 64 बिटी मोडमध्ये ही रीत ठेवलेलीच नाही. त्यामुळे 64 बिटी विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम नाही, आणि विंडोज 11 ची 32 बिटी आवृत्ती निघालेलीच नाही. म्हणजे त्या निळ्या पट्टीचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. प्रोग्राममध्ये काही बिघडलंय असं मात्र ती म्हणत नव्हती.

मग माझा 32 बिटी एक्सपी काढला. सरांनी कपाटात ठेवलेल्या बॅकअपच्या फ्लॉपीवरून प्रोग्राम उतरवला, चालवला, आणि चौकट आली: एनटीव्हीडीएम सीपीयूला इलीगल इन्स्ट्रक्शन आढळली. खाली आकडे आणि अक्षरांची रांग.

ताई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी 'सीपीयू' एवढंच वाचलं. आमच्याकडे सीपीयू म्हणजे टेबलाखालचा अख्खा डबा. "म्हणजे हाही बिघडला का? तुझा पण?" त्यांचा चेहरा उतरला. आदल्या आठवड्यात असलाच काहीतरी शब्द वाचून त्या नवा डबा दुकानात परत करायला निघाल्या होत्या. मी त्यांना बसवलं आणि सांगितलं, की प्रोसेसर बिचारा समोर येईल तो आकडा हुकूम समजून पाळतो. ज्या आकड्याला हुकूमच नाही असा आकडा आला, की तो थांबतो आणि ओरडतो. तो बिघडलेला नाही, त्याच्या हातात कोणीतरी भलता कागद दिलाय. वीस वर्षं कपाटात राहिलेल्या फ्लॉपीवरून उतरवलेली फाइल अर्धवट खराब होती, एवढंच. पडताळायला जुनी डिस्क अडॅप्टरला जोडली. ती फिरली. पूर्ण फोल्डर तीन ठिकाणी उतरवून घेतला आणि त्यानंतरच फ्लॉपीवरची व डिस्कवरची एक्झी, म्हणजे प्रोग्रामची चालणारी फाइल, ताडून पाहिली. आकार सारखा, पण मधल्या एका पट्ट्यात बाइट वेगळे. डिस्कवरच्या प्रतीने ती चौकट पुन्हा आली नाही.

तिच्या जागी दुसरा संदेश आला आणि मी अडकले. काळा पडदा क्षणभर उघडला, एक ओळ उमटली, पडदा मिटला. कमांड प्रॉम्प्टवरून चालवून ती ओळ वाचली: रनटाइम एरर 200, पुढे एक पत्ता. टर्बो पास्कलमध्ये 200 म्हणजे शून्याने भागाकार.

मला वाटलं, कुठल्यातरी सभासदाच्या नोंदीत शून्य शिरलं असणार. सरांचा प्रोग्राम महिन्याची सरासरी देवघेव काढायचा, त्यात भागाकार होता. वाचनालय बंद झाल्यावर रात्री अकरापर्यंत मी डेटाच्या फायली हेक्समध्ये, म्हणजे कच्च्या बाइटांच्या रूपात, उघडून शून्य शोधत बसले. शून्यं शेकडो सापडली. एकही गुन्हेगार निघालं नाही. ती संध्याकाळ वाया गेली, आणि ती टळली असती. जो प्रयोग शेवटी केला तो आधी करायला हवा होता: रिकाम्या फोल्डरमध्ये फक्त एक्झी ठेवून चालवली. तरी एरर 200. डेटा नाही, सरासरी नाही, साधं शीर्षकसुद्धा पडद्यावर यायच्या आधीच. म्हणजे भागाकार सरांचा नव्हताच. सरांनी लिहिलेली पहिली ओळ चालण्याआधी कुणीतरी दुसरंच भागत होतं.

सरांच्या कपाटात प्रोग्रामचा छापील मजकूर होता, कडेला भोकं असलेल्या सलग कागदाची घडी. त्याच्या दुसऱ्याच ओळीत वापरलेल्या युनिटांची, म्हणजे पास्कलसोबत येणाऱ्या तयार कोडच्या गठ्ठ्यांची, नावं होती: क्रट, डॉस, प्रिंटर. 'क्रट' वाचलं आणि डोक्यात प्रकाश पडला.

क्रट हे टर्बो पास्कलचं पडदा, कळफलक आणि आवाज सांभाळणारं युनिट. त्यात 'डिले' नावाची आज्ञा आहे, अमुक मिलिसेकंद थांबा असं सांगणारी. थांबायचं म्हणजे प्रोसेसरने रिकाम्या गिरक्या घेत राहायचं. आता मिलिसेकंदात किती वेळा गिरकी घ्यायची हे मशीनच्या वेगावर ठरणार. म्हणून प्रोग्राम सुरू होताच हे युनिट मोजमाप करतं. पीसीच्या घड्याळाचा ठोका सेकंदाला 18.2 वेळा पडतो, म्हणजे साधारण 55 मिलिसेकंदांनी एकदा. एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत रिकाम्या गिरक्या मोजायच्या, त्या संख्येला 55 ने भागायचं, मिलिसेकंदाच्या गिरक्या मिळाल्या. हिशेब सुबक आहे. पण 16 बिटी भागाकारात उत्तर ठेवायची जागा 16 बिटांची, तिच्यात 65,535 पर्यंतच मावतं. म्हणजे 55 मिलिसेकंदांत 36 लाखांच्या वर गिरक्या झाल्या की उत्तर जागेत बसत नाही. पायलीत खंडीभर धान्य ओतायला जावं तसं. आणि इथेच खरी मेख आहे: इंटेलच्या या प्रोसेसरांमध्ये शून्याने भागलं तरी, आणि उत्तर मावलं नाही तरी, दोन्ही वेळा एकच घंटा वाजते, इंटरप्ट शून्य. पास्कलला ती घंटा ऐकू आली की ते सांगतं, शून्याने भागाकार. शून्य कुठेच नसतं. भाजक 55 असतो.

टर्बो पास्कल 7 आलं 1992 मध्ये. तेव्हा 33 किंवा 66 मेगाहर्ट्झचा 486 म्हणजे चैन होती. साधारण 200 मेगाहर्ट्झच्या पेंटियमपासून पुढे ही पायली भरून वाहू लागली. आमच्या वाचनालयाचा 133 चा पेंटियम उंबरठ्याच्या अलीकडे होता, म्हणून इतकी वर्षं कुणाला काही कळलं नाही. वेग गृहीत धरून केलेल्या अशा मोजमापांनी त्या काळात पुष्कळ ठिकाणी दगा दिला. विंडोज 95 सुद्धा 350 मेगाहर्ट्झ व त्यापुढच्या एएमडी के6-2 वर सुरू होताना कोसळायची. फॉक्सप्रो या डेटाबेसच्या 2 क्रमांकाच्या आवृत्त्याही वेगवान पेंटियमवर असंच शून्याने भागाकार म्हणून थांबायच्या. ज्या पतसंस्थांचे, दूध संस्थांचे हिशेब अजून फॉक्सप्रोत असतील, त्यांच्यासाठी हे सांगून ठेवते.

छापील मजकुरात मी 'डिले' शोधत गेले. सरांनी तो एकाच जागी वापरला होता. चुकीचा दाखल क्रमांक टाकला तर स्पीकरवर 880 हर्ट्झचा सूर, 200 मिलिसेकंद थांबा, सूर बंद.

आता उपाय. या दुखण्यावर एक्झी दुरुस्त करणारे छोटे पॅच फार पूर्वीच निघाले आहेत. ते फाइलमध्ये क्रटचा तो ठरावीक तुकडा शोधतात आणि भागाकार मावेल अशा रीतीने बदलतात. मी एक चालवला तर म्हणाला, तुकडा सापडत नाही. सरांनी फ्लॉपीवर जागा वाचवायला एक्झी पीकेलाइट या फाइल लहान करणाऱ्या प्रोग्रामने आवळून ठेवली होती, त्यामुळे आतले बाइट ओळखू येत नव्हते. त्याच पीकेलाइटने ती उलगडली, मग पॅच लागला, आणि रविवारी सकाळी माझ्या एक्सपीवर वाचनालयाचं नाव असलेली निळी चौकट उमटली. ताईंनी हात जोडले. मला त्यांना सांगावं लागलं की अर्धंच काम झालंय. नव्या मशीनवर 16 बिटी काही चालणारच नाही, पॅच केलेलंही नाही.

तिथे एम्युलेटर लागतो. डॉसबॉक्स हा प्रोग्राम 8086 ते पेंटियमपर्यंतच्या प्रोसेसरची नक्कल सॉफ्टवेअरमध्ये करतो, खऱ्या प्रोसेसरकडे 16 बिटी मोड मागतच नाही. तो मुख्यतः खेळांसाठी घडवलेला. आम्हाला छपाई हवी होती, म्हणून त्याच घराण्यातला डॉसबॉक्स-एक्स घेतला, ज्यात पॅरलल पोर्टची आणि प्रिंटरची नक्कलही आहे. ज्या फोल्डरमध्ये डेटा, तोच सी ड्राइव्ह म्हणून जोडला, कारण सरांनी प्रोग्राममध्ये मार्ग कायमचा लिहून टाकला होता. वेगाच्या जागी उत्साहाने 'मॅक्स' लिहिलं. मूळ, न दुरुस्त केलेली एक्झी चालवली. एरर 200. पुन्हा तेच!

पण या वेळी त्यात आनंद होता, कारण माझं निदान बरोबर असल्याचा तो पुरावा होता. नक्कल केलेला प्रोसेसरही आजच्या मशीनवर पायली ओलांडण्याइतका जलद पळत होता. डॉसबॉक्समध्ये वेगाचा आकडा म्हणजे दर मिलिसेकंदाला किती सूचना पाळायच्या. क्रटला हवी असते दर मिलिसेकंदाच्या गिरक्यांची संख्या. एका गिरकीला एकाहून जास्त सूचना लागतात. म्हणजे आकडा 65,535 च्या खाली ठेवला तर भागाकार न मावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. इतकी सरळ मर्यादा मला आधी कुठेच वाचायला मिळाली नव्हती. कागदावर मांडली तेव्हा सरांनी फळ्यावर सोडवलेल्या गणितासारखं वाटलं. 3,000 वर ठेवला तर प्रोग्राम चालला, पण लेखकाच्या नावाने शोधायला फार वेळ लागायला लागला. 20,000 वर शोध झटक्यात आणि मोजमापही सुरक्षित. तोच कायम केला.

पॅच केलेली एक्झी मग मी वापरली नाही. ती दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवून दिली. सरांनी सोडलेली फाइल जशीच्या तशी चालत असेल आणि त्यासाठी फक्त भोवतालचा वेग आवरावा लागत असेल, तर तिला कात्री का लावायची? उद्या काही शंका आली तर दोष माझ्या दुरुस्तीत की मूळ प्रोग्राममध्ये, हा घोळ नको. ज्याला एक्सपी किंवा 32 बिटी विंडोजवरच राहायचं आहे त्याने मात्र पॅचच लावावा. तिथे प्रोसेसर खराखुरा पूर्ण वेगाने पळतो.

छपाईने थोडं रडवलं. उशिरा पुस्तक ठेवणाऱ्यांना सर पोस्टकार्डावर स्मरणपत्र छापायचे. नव्या मशीनला पॅरलल पोर्ट नाही. डॉसबॉक्स-एक्सला छापील मजकूर फाइलमध्ये उतरवायला लावला तर अक्षरांत मधे मधे विचित्र चिन्हं, डॉट मॅट्रिक्सला बारीक अक्षरासाठी द्यायच्या त्या आज्ञा. नकली प्रिंटर निवडल्यावर तो त्या आज्ञा समजून पान नीट आखतो आणि विंडोजच्या प्रिंटरकडे पाठवतो. समास दोनदा जुळवावे लागले.

एक गोष्ट ताईंना चारचारदा बजावली: खिडकी कोपऱ्यातल्या फुलीने बंद करायची नाही, एफ10 दाबून प्रोग्राममधून बाहेर यायचं. फाइल उघडी असताना एम्युलेटर मिटवला तर शेवटच्या नोंदी डिस्कवर उतरतीलच असं नाही.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण एम्युलेटरच्या आत डेटा अडकून राहणं मला पटेना. छापील मजकुरात नोंदीची रचना होती: दाखल क्रमांक 4 बाइट, नाव 61, लेखक 41, वर्ग 11, किंमत, तारीख 11, स्थिती 1. फ्री पास्कल या पास्कलच्या आजच्या अवतारात तीच रचना लिहून फाइल वाचायला घेतली. पहिलं पुस्तक बरोबर आलं, किंमत अगम्य. दुसऱ्या पुस्तकाच्या नावाची सुरुवातीची अक्षरं गायब, तिसऱ्यापासून सगळा चिखल. फाइल 25,16,670 बाइटांची. माझी नोंद 137 बाइटांची होत होती, आणि 137 ने पूर्ण भाग जात नव्हता. 135 ने जातो, बरोबर 18,642 वेळा, आणि सरांच्या शेवटच्या पुस्तकाचा दाखल क्रमांकही तोच. दोन बाइट कुठे गेले? किंमतीत. टर्बो पास्कलचा 'रिअल', म्हणजे अपूर्णांकी आकड्याचा प्रकार, सहा बाइटांचा, आजचा आठ बाइटांचा.

हेक्समध्ये एक किंमत परत परत दिसत होती: 85 00 00 00 00 48. पहिला बाइट घातांकाचा. हेक्समधले 85 म्हणजे 133, त्यातून 129 वजा केले की 4, म्हणजे 2 चा चौथा घात, 16. शेवटच्या बाइटमधला सर्वांत वरचा बिट चिन्हाचा, बाकीच्यांतून अपूर्णांक येतो .5625. त्यात 1 मिळवून 16 ने गुणलं. 25. दाखल नोंदवहीचा जाडजूड पहिला खंड काढला, सरांच्या निळ्या शाईत त्या पुस्तकापुढे लिहिलं होतं, रु. 25.00. सहा बाइटांचा आकडा असा उलगडणारं छोटं फंक्शन लिहिलं, रचनेला 'पॅक्ड' म्हटलं म्हणजे कंपायलर मधे भरीचे बाइट घालणार नाही, आणि अठरा हजारांहून जास्त पुस्तकं सरळ ओळींच्या साध्या फाइलमध्ये बाहेर आली. ताईंनी नोंदवहीतून कुठलेही चाळीस क्रमांक वाचले, मी पडद्यावरून उत्तरं दिली. चाळीसही जुळले.

सोमवारी वाचनालय उघडलं. पहिल्या वर्गणीदाराचा क्रमांक टाकताना ताईंनी एक आकडा जास्त दाबला आणि स्पीकरमधून तो बारीक सूर आला. त्या दचकल्या, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सरांचा आहे हा."

आता कपाटाच्या दारावर आतून त्यांच्या अक्षरात चिठ्ठी आहे: 'वेग 20000. बदलू नये. बाहेर पडताना एफ10. दर शनिवारी फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर.' वाचनालय बंद झाल्यावर रोज पन्नास नावं त्या रोमनमधून देवनागरीत लिहून काढतात आणि मला पाठवतात. परवा अकराशेवा क्रमांक आला. एका लेखकाचं आडनाव सरांच्या रोमन नियमांत दोन तऱ्हेने वाचता येत होतं, तेव्हा त्या शेल्फवरून पुस्तक काढून बघून आल्या.